पटाबाहेरची पोरं

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला आलो की मस्तगडच्या हॉटेलात आम्ही तिघं कॉलेजचे मित्र बसतो. एक बँकेत लागला, एक कोर्टात कारकून आहे आणि मी झेडपीच्या प्राथमिक शाळेत मास्तर. बँकवाल्याला एक बरा किस्सा मिळायला वर्ष लागतं. कोर्टवाल्याकडे किस्से भरपूर, पण एकाचाही निकाल लागत नाही. शाळेत मधल्या सुट्टीच्या आत दोन घडतात. सहामाही संपेपर्यंत ते इतके साचतात की कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय पुढचं शिकवणं सुचत नाही.

अडचण एकच आहे. माझ्या प्रत्येक किश्शात खरात गुरुजी येतात आणि मी त्यांच्यावर जळतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

वडीगोद्रीपासून कच्च्या रस्त्यानं तासभर चाललं की आमचं गाव. शाळा दोन खोल्यांची, पुढे ओसरी. हेडसर कागदपत्रं घेऊन बहुतेक तालुक्याला. पहिली-दुसरी खरात गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी सातवी पास, पन्नाशीला आलेले, धोतर आणि वर खाकी कोट. मी बी.ए., शिवाय ट्रेनिंग झालेला. गाव मला 'सर' म्हणतं आणि त्यांना 'गुरुजी'. सुरुवातीला मला वाटलं, सर हा वरचा दर्जा असावा. आठवड्यात कळलं की सर म्हणजे पाहुणा.

जूनमध्ये मी हेडसरांना सांगून बसलो होतो, यंदा चौथीतल्या चारही मुली वार्षिक परीक्षेला बसतील. या शाळेत चौथीतली मुलगी कापूस वेचणी सुरू झाल्यावर टिकली, असं कुणाला आठवत नव्हतं. हेडसर म्हणाले, "बोलून दाखवलंत, आता करून दाखवा." चौघींत रुख्मिण सगळ्यांत हुशार. ती टिकली तर बाकीच्या तिघी टिकतील, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आणि ते मला करायचं होतं. दुसऱ्या कुणी नव्हे, मी.

*

गुरुजी हजेरी शाळेत घेत नाहीत. सकाळी हजेरीपट काखेत मारून गल्लीगल्लीनं निघतात आणि दारात उभे राहून नाव पुकारतात.

"शांताबाई, नाम्या कुठंय?"

"अंघोळ करून राह्यला जी."

"मंग हजर लावू का?"

"लावा."

आईनं एकदा 'लावा' म्हटलं की तिला पोरगं पाठवणं भाग. शाई वाळायच्या आत नाम्या शाळेत. मी म्हणालो, "गुरुजी, हजेरी वर्गात घ्यायची असते. मूल समोर नसताना हजर कसं लावता?" ते म्हणाले, "पोराला इचारून काय फायदा सर, त्याला येयाचंच नसतं."

दोन दिवस विचार करून मीही हजेरीपट घेऊन गल्लीत शिरलो. तिसऱ्या दारात एका म्हातारीनं मला खाटेवर बसवलं. गाव कोणतं, वडील काय करतात, भाऊ किती, लग्न का नाही. चौथ्या दारात तेच, वर चहा. परत आलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. माझ्या पदरात दोन स्थळं पडली होती, मूल एकही नव्हतं.

माझा सगळा वर्ग गुरुजींच्या खोलीत दाटीवाटीनं बसून पाढे म्हणत होता. रुख्मिण पुढे उभी राहून सांगत होती आणि बाकीचे तिच्यामागून. माझ्या वर्गात ती कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

*

पाढ्यांवर माझा राग आहे. अर्थ न कळता घोकायचं म्हणजे काय? मी चिंचोके आणले. तिसरीच्या मुलांनी ढीग मांडायचे, मोजायचे आणि गुणाकार म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं. पहिला दिवस फार सुंदर गेला. दुसऱ्या दिवशी चिंचोके निम्म्यावर आले होते.

"चिंचोके कुठे गेले?"

एकजण म्हणाला, "भाजले की लई ग्वाड लागतेत सर."

उरलेल्या चिंचोक्यांवर मी एकाला बारा सक विचारलं. तो खाली बसला, सहा ढीग मांडले, एक ढीग चुकला, मोडला, परत मांडला. मी शांत उभा. समज अशीच हळूहळू येते, असं ट्रेनिंगला शिकवलं होतं. तेवढ्यात खिडकीतून दुसरीतल्या एका बोटभर पोरीचा आवाज आला, "बहात्तर."

ती पाणी प्यायला चालली होती. थांबलीसुद्धा नाही.

*

भूगोलासाठी मी वर्गाला गावाबाहेरच्या टेकाडावर नेलं. पुस्तकातला नकाशा बाजूला ठेवा, आपलं गाव बघा आणि काढा. एकतीस मुलांनी एकतीस नकाशे काढले. ओढा होता, विहीर होती, मारुतीचं देऊळ होतं, बुद्धविहाराची नवी भिंत होती. प्रत्येकानं स्वतःचं घर सगळ्यांत मोठं काढलं होतं, ते मी समजू शकतो.

पण एकतीसही नकाशांत खरात गुरुजींचं घर होतं. काहींनी तर दारातली शेळीही काढली होती.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि मी कुठे राहतो?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी भाड्यानं राहतो ती खोली देवळाच्या मागेच आहे. रुख्मिणीला बहुतेक माझी दया आली. ती म्हणाली, "सर, तुम्ही तर जालन्याचे."

*

परसबाग हा तर माझाच विषय. ओसरीच्या डाव्या अंगाला माझ्या वर्गानं वांगी आणि पालक लावला. सरळ ओळी, दोरी धरून. प्रत्येक वाफ्यावर पुठ्ठ्याची पाटी: भाजीचं नाव, पेरल्याची तारीख, गटप्रमुख. उजव्या अंगाला गुरुजींच्या वर्गानं झेंडू टाकला होता. टाकला म्हणजे बी अक्षरशः फेकलं होतं.

मी त्यांना समजावलं, "गुरुजी, मुलांना उपयोगाचं काही लावू द्या. फुलांचा काय उपयोग?"

"बराबर हाय," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेळ्या आल्या. माझी वांगी गेली, पालक गेला, दोन पाट्याही गेल्या. झेंडूला तोंडही लागलं नव्हतं.

"वास उग्र असतो ना," गुरुजी म्हणाले. "शेरडं थुकून देतेत."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही उपयोगाचं इचारलं. शेरडाचं कुठं इचारलं?"

दसऱ्याला गावातल्या दारादारावर गुरुजींच्या वर्गाचा झेंडू होता. माझ्या वर्गाच्या दारावरही एक तोरण होतं. ते बांधणारे हात रुख्मिणीचे होते, हे मला मागाहून कळलं आणि मी ते तोरण गरजेपेक्षा दोन दिवस आधी काढून टाकलं.

*

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय तिच्याकडे येतो.

आमच्याकडे मुली एकट्या शाळेत येत नाहीत. कडेवर भाऊ असतो, नाहीतर बहीण. जुलैत माझ्या वर्गात पटावर एकतीस आणि पटाबाहेर सात अशी स्थिती होती. एकानं शाईची दौत तोंडाला लावली, एकानं भारताच्या नकाशावर नको ते केलं. मी वैतागलो आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं: 'वर्गात फक्त पटावरची मुलं बसतील.' खाली रेघ मारली.

गुरुजी दारात आले, वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान हाय."

नियम लागू पडला. वर्ग शांत झाला. रुख्मिणीचा दीड वर्षाचा भाऊ गण्या घरी आईपाशी राहायला लागला. मला वाटलं, पहिल्यांदाच मी काहीतरी जिंकलं.

दसरा झाला, वेचणी सुरू झाली आणि रुख्मिण यायची थांबली. पाठोपाठ शोभा. चौघींतल्या दोघी गेल्या. रोज हजेरीत मी त्यांच्या नावापुढे लाल शाईनं 'गै' लिहीत होतो. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत तडक सुदाम पाटलांच्या रानात गेलो. सुदाम हे रुख्मिणीचे वडील. बायकांच्या रांगेत रुख्मिणीची आईही वेचत होती. मी बांधावर उभा राहूनच सुरू केलं. मुलीचं शिक्षण, तिचं आयुष्य, उद्याचा समाज. चांगलं दहा मिनिटं बोललो. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत या भाषणाला बक्षीस मिळालं असतं.

सुदामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, म्या कुठं न्हाई म्हणलो? पोरगी रोज सकाळी दप्तर घिऊन साळंला जाती की. गण्याला बी घिऊन जाती."

"शाळेत ती येत नाही."

आता त्यांचा चेहरा उतरला. "मंग जाती कुठं?"

मी जवळजवळ पळतच परत आलो. कुठे शोधायचं तेही कळेना. आधी गुरुजींना विचारावं म्हणून त्यांच्या खिडकीपाशी गेलो आणि तिथेच थांबलो.

पहिलीच्या शेवटच्या रांगेत रुख्मिण बसली होती. मांडीवर गण्या. समोर पहिलीतली तीन पोरं, त्यांची बोटं धरून ती पाटीवर अक्षरं गिरवून घेत होती. पलीकडे शोभा, तिच्या कुशीत तिची बहीण. नऊ दिवस. मधे एक भिंत.

"गुरुजी, या माझ्या वर्गातल्या मुली आहेत. नऊ दिवस गैरहजर आहेत."

त्यांनी कोटाच्या खिशातून एक चुरगळलेली वही काढली. "माझ्याकडं नऊ दिवस हजर हायेत."

"मग मला सांगायचं नाही?"

"आता काय सांगावं," ते म्हणाले. "तुम्ही फळ्यावर लिव्हलं व्हतं. म्या म्हणलो, शिकलेला माणूस हाय, इचार करूनच लिव्हलं आसंल."

ते टोमणा मारत नव्हते, हेच वाईट होतं.

*

त्या संध्याकाळी हेडसर तालुक्याहून आले. मी सगळं सांगितलं, म्हणजे तक्रारच केली. ते टोपी काढून बसले आणि म्हणाले, "खरात तिसरीपर्यंत ह्याच शाळेत शिकले. निजामाच्या टायमाला. पटावर नाव नव्हतं त्यांचं. पायरीवर बसून ऐकायचे."

मी वर्गात गेलो, फळ्यावरची चौकट पुसली. शाईनं लिहिल्यासारखी ती जाता जात नव्हती, ओलं फडकं घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या दारात उभा राहिलो. "रुख्मिण, शोभा, आपल्या वर्गात चला. लेकरांना घेऊन."

रुख्मिणीनं आधी गुरुजींकडे बघितलं. हे बघणं मी विसरणार नाही. गुरुजी म्हणाले, "जा, तुझे सर न्यायला आलेत." तेव्हा ती उठली.

*

आणि त्याच दिवशी, सुट्टी लागायला दोन दिवस असताना, तपासणीचे साहेब आले. न कळवता.

बातमी गल्लीत पसरली होती, की सरांच्या वर्गात लेकरं चालतात. मधल्या सुट्टीपर्यंत पटाबाहेरचे नऊ जमले होते. साहेब दारात आले तेव्हा मी अपूर्णांक शिकवत होतो. दोघं रडत होते, एकजण खडू खात होता आणि गण्या माझ्या टेबलावर हजेरीपटाची उशी करून झोपला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"तिसरी-चौथी, साहेब."

"ही लेकरं आधी बाहेर काढा."

रुख्मिण उठली आणि गण्याला उचलायला पुढे आली. तिला सवय होती.

"बस, रुख्मिण," मी म्हणालो. मग साहेबांना म्हणालो, "लेकरू बाहेर गेलं की ती जाते. ती गेली की बाकीच्या जातात. मग मी चौथीत फक्त मुलग्यांना शिकवतो. तुम्हाला ते चालत असेल तर तसं लिहून द्या."

साहेबांच्या मागे उभ्या हेडसरांनी भिंतीला हात टेकला. साहेबांनी लेकरांचं काही लिहून दिलं नाही. शेरेबुक मागितलं आणि उभ्याउभ्या लिहिलं की तिसरी-चौथीच्या वर्गात शिस्तीचा पूर्ण अभाव आहे. गुरुजींच्या खोलीत मात्र त्या दिवशी पटाबाहेरचं एकही लेकरू नव्हतं. पहिली-दुसरी पाटीवर मान घालून बसली होती. तिथे लिहिलं: 'वर्ग आदर्श. इतरांनी अनुकरण करावे.'

एकवीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींना मिळालेला हा पहिला चांगला शेरा. हेडसरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. गुरुजी ऐकत होते आणि माझ्या वर्गाकडे बघत होते.

साहेबांची जीप गेली. मी पुन्हा फळ्याकडे वळलो. थोड्या वेळानं दारात खाकी कोट दिसला.

"माझी खोली लई सुनी झाली सर," गुरुजी म्हणाले. "लेकरांबिगर करमंना."

"बसा ना."

ते बसले नाहीत. टेबलापाशी आले आणि गण्याच्या मानेखालून अलगद हात घालून त्याला उचललं. गण्यानं झोपेतच त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं, जसं रोज टाकत असणार. रुख्मिण हसली. गुरुजी त्याला थोपटत ओसरीवरून आपल्या खोलीकडे निघाले.

फळ्यावर तीन-चतुर्थांश अर्धवट सोडून मी त्यांच्या मागे गेलो.

"गुरुजी, त्याला इकडे द्या. तो माझ्या वर्गातला आहे."