चाळीतले कोंब

कांद्याच्या बाजारभावाचा अंदाज सांगणाऱ्या सल्लागाराने मला फसवलं. त्याने मोबाइलवर सहा आठवड्यांची एकच चढती रेघ दाखवली, म्हणून मी खरेदीचा कांदा न विकता कांदाचाळीतच ठेवला. आज त्याला हिरवे कोंब फुटले आहेत. त्या कोंबांकडे बघतच मी सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला,

"काका, पहिल्या आठवड्याच्या अंदाजावरून दुसऱ्या आठवड्याचा काढतो, म्हणून चूक वाढत जाते. त्यात आमची चार गणितं चार वाटा सांगत होती. सगळ्या दाखवल्या की व्यापारी गोंधळतात, म्हणून एकच दाखवली."

आयुष्यभर माणसांशी घासाघीस केली. रेघेशी करता येत नाही. पुढचं कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. पण स्वतःला दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. माझा गोंधळ मला न विचारता पुसायचा अधिकार त्याला कुणी दिला, हे त्याने चाळीत येऊन सांगावं.