गावदेवीपुढचा धोंडा

ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. लिहितानासुद्धा लाज वाटते.

लग्नानंतर मी ठाण्याच्या नौपाड्यातून डोंबिवलीला आले. चाळीत मोरी होती, पण कपडे धुवायला दगड नव्हता. पलीकडे करंजाखाली गावदेवी होती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदूर लावलेला दगडाचा तांदळा. तिच्याभोवती धोंडे रचलेले होते. हा कसला देव, असे मनात म्हणत मी त्यातला एक चपटा, गुळगुळीत धोंडा उचलून आणला.

महिन्याभराने गावातली मिठवाली सोनीबाई दारात टेकली आणि बोलता बोलता तिने देवीची हकिकत सांगितली. फार पूर्वी खाडीच्या पाण्याने शेताचा बांध फोडला, तेव्हा एकच दगड जागचा हलला नाही. त्याच्या आधाराने लोकांनी बांध पुन्हा घातला आणि त्यालाच देवी मानले. तेव्हापासून गावची मुलगी सासरी निघाली की आई बांधावरचा एक धोंडा देवीपुढे ठेवते, म्हणजे परक्या घरात देवी तिला सांभाळते.

म्हणजे मी कुणाच्या तरी मुलीचा धोंडा मोरीत आणून टाकला होता. तरी धोंडा परत नेताना कुणी पाहील, या भीतीने मी आणखी दोन वर्षे त्याच्यावर कपडे आपटत होते.

मग एका दुपारी माझ्या तान्ह्या मुलीला तापात झटका आला. हे ठाण्याला कचेरीत होते. मी तिला छातीशी धरून मोरीपाशी उभी होते. तेवढ्यात सोनीबाई आली. तिचा यायचा वार नव्हता, डोक्यावर पाटीही नव्हती. तिने शेजारणीला डॉक्टरांकडे पिटाळले, मुलीला मांडीवर घेतले आणि त्याच धोंड्यावर बसून ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत राहिली. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. दिवे लागायच्या वेळी मुलीने डोळे उघडले.

मी सोनीबाईचे पाय धरले आणि सगळे सांगून टाकले.

ती म्हणाली, "ठावं हाय गो. माझ्याच पोरीचा धोंडा हाय तो."

मग इतके दिवस बोलली का नाही, असे मी विचारले.

"तू बी परक्या घरात आलेली पोरच ना. म्हटलं, ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी भर उजेडात, चाळीतल्या बायका बघत असताना, मी तो धोंडा पोटाशी धरून देवीकडे नेला. जागेवर ठेवला. हाताला साबणाचा वास येत होता. काय मागावे ते सुचेना, म्हणून नुसते डोके टेकले.

माझ्यासाठी कुणी कुठे धोंडा ठेवला नव्हता. तरी मी सांभाळली गेले.