खोडरबरवाली बाई

मी एकट्याने उभ्या केलेल्या केळीच्या धंद्यात वाटा मागत धाकट्या भावाने विळ्याने माझा खांदा फाडला. कोर्टाने त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडले. आता त्याला सोडण्याआधी तो पुन्हा हात उगारेल का, हे तपासायला तिथली मानसतज्ज्ञ बाई लोधीपुऱ्यात माझ्या घरी आली. मला प्रश्न विचारून ती पेन्सिलीने तक्त्यात भावाचे गुण भरत होती; जास्त गुण म्हणजे जास्त धोका. प्रत्येक गुण ती लिहायची, खोडायची, भुगा फुंकून पुन्हा लिहायची.

"मॅडम, दोन गुण वाढवा, नाहीतर तो पुन्हा विळा उचलणार नाही याची गारंटी द्या!" मी भडकलो.

"भाऊ, घड कधी पिकेल ते तुम्ही नजरेने सांगता. चुकता कधी?"

"कधीमधी."

"मीही चुकते," ती म्हणाली.

सोमवारी भाऊ सुटतोय. घरातले सगळे विळे मी भंगारवाल्याला दिले. घासाघीस केली नाही.