वाया गेलेलं पाखरू

हिवरखेडचे आमचे शेजारी काका रेशीमकिड्यांच्या खोलीत कुणाला चप्पल घालून येऊ देत नाहीत. किडे कात टाकायला निपचित पडले, की काका कुजबुजतात, "हळू बोल बे, लेकरं झोपले हायेत."

आणि याच लेकरांचे कोष ते जिवंत विकतात! धागा अखंड निघावा म्हणून पुढे विकत घेणारे आतल्या जिवाला वाफेत मारतात.

परवा मी भडकलो, "काका, मूठभर कोष तरी राहू द्या. पाखरं होऊ द्या."

"अन् कोषाले भोक पडल्यावर कोन घेईन? तुहा बाप?"

तेवढ्यात एका कोषातून ओलं, पांढरं पाखरू बाहेर आलं. काकांनी ते अलगद तळहातावर घेतलं, पंखांवर फुंकर घातली. मग दाराबाहेरच्या कोंबडीपुढे टाकून म्हणाले, "हे वाया गेलं."

त्या खोलीत वाफेतल्या मरणातून सुटलेलं ते एकटंच होतं.