एक बाजू संपेपर्यंत

लॉकडाउनमध्ये इथे परदेशात, पॉइंट कुक उपनगरातला माझा शेजारी दर दुपारी गॅरेज उघडून एकच रेकॉर्ड लावायचा. बँड इटलीतला, हल्लीच्या पोरांचा. पण ऑर्गन, बासरी, सगळा थाट सत्तरच्या दशकातला. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी कुंपणापाशी उभा राहायचो. दुसरं माणूसच दिसायचं नाही. मध्येच बोललो की तो बोट वर करायचा. "बाजू संपू दे, मेट."

एकदा रेकॉर्ड चालू असताना पुण्याहून त्याच्या भावाचा फोन आला. सवयीने त्याचं बोट वर गेलं. बाजू संपल्यावर त्याने उलट फोन केला. तेव्हा कळलं, शेवटचं बोलणं व्हावं म्हणून मघाशी भावाने वडिलांच्या कानाशी फोन धरला होता. तोवर ते गेले होते.

रेकॉर्ड अजून तीच लागते. पण मी नुसता खोकलो तरी तो धावत जाऊन सुई उचलतो.

"बोल," म्हणतो, "ऐकतोय."