गेजमधून जाईल तेवढंच

मार्केट यार्डातल्या गाळ्यावर सफरचंदांच्या पेट्या उतरत होत्या, तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, मामंजी गेले…" मी तसाच खडकीला निघालो. त्याला आता दीड महिना झाला.

साळवेसाहेब माझे व्याही, खडकीच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मुलीनं त्यांच्या घरात लग्न ठरवलं तेव्हा जात आडवी आणणारा मी होतो. लग्नाला गेलो तो कपाळाला आठ्या घालूनच. पुढे नात झाली, तिचं नाव मैत्री, आणि मी विरघळलो. पण 'चुकलो' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून फळं पाठवायला लागलो. "शेठ, लग्नात तुमचा हात एवढा सैल नव्हता," असं म्हणत साहेब पेटी ठेवून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मैत्री तिचा ससा घेऊन आमच्याकडे धायरीला आली. फळवाल्याच्या घरी पाहुण्यानं गवत का खावं? मी त्याला केळी, द्राक्षं पोटभर चारली. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात अंग आखडून बसला. गवताला तोंड लावेना, लेंड्या टाकेना. पोर रडून बेजार. साहेब रिक्षा करून आले, केळीच्या सालींकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. जास्त गोडानं त्याचं पोट थांबलं होतं. औषधानं दोन दिवसांनी ससा सावरला. "एवढी फळं कुणी दिली?" मैत्रीनं विचारलं. साहेब म्हणाले, "आम्हा दोघा आजोबांचं चुकलं, बाळा." त्यांचा काडीचा दोष नव्हता. ज्या माणसाला मी घराबाहेरच ठेवू पाहत होतो, त्यानं मला नातीच्या नजरेतून उतरू दिलं नाही. या उपकारांची जाण मी कधी बोलून दाखवली नाही…

पुढच्या आठवड्यात त्यांनी अंगठ्याच्या नखाएवढं भोक पाडलेली एक अॅल्युमिनियमची पट्टी दाखवली. "हे गेज, कारखान्यात माल तपासायचं असतं तसं माप. यातून जाईल तेवढीच फोड, बिया काढून, आठवड्यातून दोनदा. पोट भरायला गवत आहे."

"आणि उरलेलं सफरचंद?"

"ते आपण दोघांनी खायचं. उगाच का एवढा उद्योग केला?"

तेव्हापासून माझा रविवार खडकीला जायचा. सशाला नखाएवढी फोड, आम्हाला अर्धं अर्धं.

परवाच्या रविवारी गेलो. मैत्रीनं पट्टी आणून दिली. मी कापलेली फोड भोकात अडकली, पुन्हा कापली. ससा खाऊन मोकळा झाला. उरलेल्या सफरचंदाचे मी सवयीनं दोन भाग केले आणि दुसऱ्या भागाकडे बघत बसलो. मग म्हणालो, "मैत्री, तेव्हा ती फळं मी एकट्यानंच दिली होती."

"माहितीये," बशीतला साहेबांचा, तिच्या आबांचा, भाग उचलत ती म्हणाली. "आबांनी कधी दोन द्राक्षं तरी एकदम दिली असती का?"

मी पट्टी धुतली आणि पिंजऱ्याशेजारी साहेबांनी ठोकलेल्या खिळ्याला अडकवली.