साडेअकराचा तास

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, ह्यांचा डबा अर्धा भरून झाला होता, तेवढ्यात दार वाजलं. सकाळी साडेआठला आमच्याकडे दिव्यानी येते, पण ती कधी दार वाजवत नाही. फाटकाची कडी काढते, अंगणातल्या नळावर हातपाय धुते, बाटली भरते आणि "येते काकू" म्हणून कॉलेजला निघते. आज ती नळाकडे गेलीच नाही. दारात उभी होती आणि डोळे लाल होते.

ह्यांनी आतूनच विचारलं, "काऊन वं, भांडून आली काय कोनाशी?"

"नाई काका, झोपून आली," ती म्हणाली. "काल साडेअकराच्या तासाले. सरांनी हाकललं."

दिव्यानीचं गाव जिवतीकडच्या डोंगरात. तिची आई सोमारी आम्हा गडचांदूरच्या बायकांना चारोळी, टेंभराची फळं, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब विकते. दोन वर्षांपूर्वी पोरीला बीएस्सीला प्रवेश मिळाला, तेव्हा पाटी डोक्यावरून न उतरवताच तिने मला विचारलं होतं, "बाई, पोरीले पाय धुवाले तुमचा नळ चालन का?" तेव्हापासून नळ तिचा.

मार्च लागला की पोरीचा चेहरा उतरतो. वाळवून विकायची मोहाची फुलं पहाटे पडतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवायचा, साडेतीनला टोपली घेऊन जायचं आणि गुरं, हरणं यायच्या आत वेचून घ्यायचं. वाकून वाकून कंबर भरून येते. साडेसहाला घरी, सातची बस. बसमध्ये जागा मिळाली तरी ही बसत नाही. मागच्या वर्षी एकदा बसली, तर डोळे उघडले तेव्हा गडचांदूर मागे पडून राजुरा आलं होतं. तेव्हापासून दांड्याला धरून उभी येते.

वर्गात मात्र बसावंच लागतं. जागं राहायला तिने काय नाही केलं! केस डोकं ठणकेपर्यंत घट्ट बांधले, हिरव्या मिरचीचा तुकडा दाढेखाली धरला, पहिल्या बाकावर बसली. वनस्पतिशास्त्राला यंदा नवे सर आलेत, लांबच्या जिल्ह्यातले. डोळे मिटलेले दिसले की ते गैरहजेरी मांडतात. दिव्यानीच्या अशा बऱ्याच मांडून झाल्यात. आणखी पाच झाल्या, तर परीक्षेचा फॉर्म अडकेल.

"काल सर माह्या बाकापाशी आले," ती सांगू लागली. "मी झोपलीच होती, खोटं काऊन बोलू? त्यांनी वास घेतला आन सगळ्यांसमोर म्हनले, पिऊन वर्गात यायचं नाही. पालकाले आना, मगच बसा."

मी गॅस बंद केला. तिची ओढणी हातात घेतली. गोडसर, जड वास होता. कॉलेजचा ड्रेस ती वेगळा ठेवते, धुऊन, घडी करून. पण घरात खोली एकच आणि त्याच खोलीत फुलांचा ढीग. ड्रेस रात्रभर त्या वासात.

तिने स्वतःही ओढणी हुंगली. "मले तर काहीच येत नाई, काकू."

"मग आईला का नाही आणलं?"

"फूल पडून राह्यलं ना. ते थांबते काय कोनासाठी?" मग खाली बघून म्हणाली, "आन माय आली तर तिचाबी तोच वास येईन."

ह्यांचा डबा लोणच्याशिवायच गेला. मी साडी बदलली.

रस्त्याने जाताना मी तिची वही चाळली. झोप येऊ नये म्हणून ती सरांचा शब्द न् शब्द लिहून घेते. प्रत्येक पान नीट सुरू होतं. अर्ध्यावर अक्षरं तिरकी होतात, एक ओळ घसरत समासाबाहेर जाते. पुढे दोन बोटं जागा कोरी आणि खाली पुन्हा नेटकं अक्षर: "राहिलेलं रिनाकडून घेणे." रिना तिची बाकावरची मैत्रीण.

सर अकरानंतर स्टाफरूममध्ये भेटले, पेपर तपासत होते. वयाने लहानच, डोळ्यांखाली काळं. मी दिव्यानीला दप्तर उघडायला सांगितलं. घरी ते ढिगाशेजारीच असतं, म्हणून तळाशी रोजच चार-दोन फुलं सांडलेली सापडतात. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हुंगून बघा," म्हटलं. "ही ह्या पोरीने आज पहाटे वेचलीत."

सरांनी फूल नाकाशी नेलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, "मोहाचं फूल शिकवलंय मी. पण हातात आज पहिल्यांदा घेतलं. हा वास मला दारूचाच ठाऊक होता." दिव्यानीकडे वळून म्हणाले, "वर्गात जे बोललो, ते वर्गातच मागे घेईन."

मला वाटलं, झालं काम. पण त्यांनी मी पुढे केलेली वही उघडली, ती घसरलेली ओळ पाहिली आणि हजेरीपटावर हात ठेवला.

"पण ताई, झोपलेल्या मुलीला हजर कसं मांडू? उद्याही ती पहाटे उठणारच ना?"

उठणारच होती. अजून दहा-बारा दिवस फूल पडणार होतं. बाहेर साडेअकराची घंटा झाली.

तेव्हा दिव्यानी पहिल्यांदा बोलली. हात पाठीमागे धरले होते, आवाज अगदी साधा.

"सर, बसली का माहा डोळा लागते. मले मांगच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकू द्या."